शब्दचर्चा : रॅम 'चालते' आणि रॅम 'टिकते'

जळगाव : रॅमच्या ओव्हरक्लॉकिंगवर, म्हणजे ती ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यावर, मराठीत एक लेख लिहितोय. 'स्टेबल'साठी 'स्थिर' लिहिलं की वाक्य जड होतं. दुकानात आम्ही सरळ 'चालते' म्हणतो, म्हणजे 'ही जोडी ३६०० वर चालते' (जोडी म्हणजे रॅमच्या दोन पट्ट्या, स्टिक; ३६०० हा वेग). तेवढं पुरेल का? आणि वेगाला 'मेगाहर्ट्झ' लिहावं का?

भुसावळ : 'चालते' नको, भाऊ. संगणक सुरू झाला, विंडोज आलं, की चालते असं कुणीही म्हणेल. रॅमची चूक तेवढ्यात दिसत नाही. एखादा बिट उलटतो आणि काही तासांनी झिप उघडत नाही, नाहीतर निळा पडदा येतो. सर्वांत वाईट म्हणजे चुकीचा डेटा गुपचूप डिस्कवर लिहिला जातो. त्यासाठी आपल्याकडे 'टिकणे' हे नेमकं क्रियापद आहे. जोडी ३६०० वर चालली, पण टिकली नाही. एवढ्यात सगळा अर्थ येतो.

धुळे : सहमत. अहिराणीतही 'चालस' आणि 'टिकस' एकमेकांच्या जागी कुणी वापरत नाही. 'टेस्टिंग'चे मात्र दोन शब्द करा, नाना. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून लावतो, तेव्हा स्टिक मुळात निर्दोष आहे का ते बघतो, ती 'तपासणी'. वेग वाढवल्यावर रॅमवर तासन्‌तास ताण देतो, तो 'कस'. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा कस बघतात, तोच शब्द. हा फरक खरंच उपयोगाचा आहे. मूळ वेगावर चुका आल्या तर बहुधा स्टिकच खराब, वॉरंटीत द्या (एकदा दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा). मूळ वेगावर स्वच्छ आणि वाढवलेल्या वेगावर चुका, तर सेटिंग झेपत नाही; स्टिकला दोष देऊ नका. मेमटेस्टच्या 'पास'ला 'फेरी' म्हणा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल परीक्षा पास झाली. निदान चार फेऱ्या होऊ द्या. चूक एकही चालत नाही.

भुसावळ : मेगाहर्ट्झचं सांगतो. डीडीआरमध्ये, म्हणजे आजच्या रॅमच्या प्रकारात, घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो. म्हणून ३२०० च्या स्टिकचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचंच असतं, आणि संगणकाची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्राममध्ये तोच आकडा दिसतो. गिऱ्हाईक तो बघून फसवणूक झाली म्हणतं. ३२०० हे मेगाट्रान्स्फर आहेत, म्हणजे सेकंदाला इतके दशलक्ष वेळा डेटा जातो. लेखात 'डीडीआर४-३२००' लिहा, वाद मिटतो. पण सीपीयू-झेडमध्ये १०६६ किंवा १३३३ दिसलं तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे स्टिकवर आधीच नोंदवलेलं जास्त वेगाचं सेटिंग, बंद आहे, ते चालू करा. एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकिंगच, बरं का. डीडीआर४ चं प्रमाणित व्होल्टेज १.२, आणि एक्सएमपीत ते बहुतेक वेळा १.३५ होतं.

नंदुरबार : सीएलला, म्हणजे रॅमच्या 'कॅस लेटन्सी'च्या आकड्याला, 'विलंब' म्हणावं का?

भुसावळ : नको. सीएल म्हणजे ठोक्यांची संख्या, विलंब म्हणजे वेळ. ३२०० ला सीएल १६ असेल तर १६ ठोक्यांना १० नॅनोसेकंद लागतात. डीडीआर५-६००० ला सीएल ३० असेल तरी तेच १० नॅनोसेकंद. आकडा मोठा दिसला म्हणून रॅम मंद समजू नये.

धुळे : 'टिकली' लिहाल तिथे ऋतूही लिहा, ही माझी कळकळीची विनंती. रॅमच्या प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कपॅसिटर असतो, त्यातला विद्युतभार सतत गळतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पेशींची प्रत्येक ओळ रिफ्रेश, म्हणजे पुन्हा भारित, करावी लागते. उष्णता वाढली की गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेळा करावा, असं प्रमाणच आहे. वेग वाढावा म्हणून काही जण दोन रिफ्रेशमधलं अंतर लांबवतात. जानेवारीच्या रात्री अशी जोडी सगळ्या फेऱ्या पार करते. मग भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला गेला, कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डही तापलं, की तीच जोडी चुका द्यायला लागते. पुण्याच्या माणसाने 'टिकली' म्हटलेलं सेटिंग खान्देशात तसंच उचलू नका.

जळगाव : मग वाक्य असं करतो : 'ही जोडी ३६०० वर, १.३५ व्होल्टला, मे महिन्यातल्या दुपारी, एसीशिवाय टिकली.'

भुसावळ : उत्तम. त्यात सीएल घाला फक्त. १८ वर टिकलेली जोडी १६ वर टिकेलच असं नाही.