प्रौढ साक्षरतेसाठी तालुक्याला पूर्णवेळ माणूस हवा की नको?

पाटावरवंटा:
शेजारच्या काकू 'उल्लास' या प्रौढ साक्षरता योजनेची परीक्षा पास झाल्या. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 गुण. प्रमाणपत्र लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. काल मात्र बँकेची स्लिप भरायला पुन्हा नातवाला हाक! परीक्षेनंतर त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही.

या योजनेत शिकवणारे बिनमानधनाचे स्वयंसेवक. वर पुण्यात योजना संचालनालय, आणि अधलंमधलं सगळं शाळेतल्या शिक्षकांच्या गळ्यात. 2023 मध्ये शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला तो उगाच नाही. माझं मत: तालुक्याला एक पगारी मार्गदर्शक नेमा, ज्याला दुसरं काम नाही.

खडूफळा:
अजिबात पटलं नाही. मी शाळेत शिकवतो. नवा माणूस आला की नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, नवा गूगल फॉर्म, 'आज चारपर्यंत माहिती पाठवा'. मुरबाडजवळच्या फांगण्यात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. सुरू केली गावातल्या शिक्षकाने, शिकवायला गावचीच सून. कुठला मार्गदर्शक गेला होता तिथे?

पाटावरवंटा:
सर, फांगण्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तसं गाव विरळा. बाकीच्या गावांनी तसा शिक्षक मिळायची वाट बघायची का?

जुनी_प्रेरिका:
मी 'साक्षर भारत' या आधीच्या साक्षरता योजनेत प्रेरक होते, म्हणजे गावातला वर्ग चालवायचे. ग्रामपंचायतीला दोन प्रेरक, महिना 2000 रुपये मानधन. मार्च 2018 ला योजनाच संपली.

तालुक्याचे समन्वयक दोन पाहिले. पहिले यायचे, हजेरीपट बघायचे, चहा घेऊन जायचे. दुसरे एकदा रात्री आले, वर्ग भरतो तेव्हा. बायका पेंगत होत्या. त्यांनी पुस्तिका मिटायला लावली, म्हणाले, घरातलं वीजबिल आणा, खताची रिकामी गोणी आणा. त्या दिवशी गोणीवरची किंमत वाचून एकजण म्हणाली, "म्हणजे दुकानदार वरचे घेतोय!" पुढच्या आठवड्यात तिच्या दोन जावा वर्गात. हे मला एकटीला सुचलं नसतं, खरंच.

खडूफळा:
ताई, चांगला तो माणूस होता. पद तर पहिल्याचंही तेच होतं ना!

जुनी_प्रेरिका:
होतं. पण पदच नसतं तर दुसरे आमच्या गावात आले कशाला असते?

रविवारची_शाळा:
जरा वेगळं उदाहरण. चाळिशी उलटल्यावर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. पुस्तकं घरी आली होती, पण दोनदा सोडायला निघालो तेव्हा अडवलं ते अभ्यासकेंद्रावरच्या बाईंनी. शिकवलं थोडं, फोन मात्र बरेच केले. असा माणूस तालुक्याच्या कचेरीत बसवून भागेल? मला वाटतं, पायी जाता येईल इतका जवळ हवा.

पाटावरवंटा:
काकूंना धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अक्षरं विसरले नाही गं. परीक्षेचा कागद मोठ्या अक्षरात होता, बँकेचं बारीक. दिसत नाही."

खडूफळा:
बघा! म्हणजे तालुक्याला चष्म्याचं शिबिर हवंय, मार्गदर्शक नव्हे.

पाटावरवंटा:
शिबिर कधी आहे ते काकूंना सांगणार कोण, सर? तुम्ही?