रॉक संगीत एफएमवरच का रुजले?

प्रश्न (कॉलेज रोड, नाशिक): सेंट लुईसजवळचे केएसएचई हे एफएम रेडिओ केंद्र १९६१ मध्ये एका घराच्या तळघरातून अभिजात संगीत ऐकवत सुरू झाले आणि १९६७ मध्ये रॉककडे वळले. त्याच सुमारास अमेरिकेत रॉक एफएमकडे का गेले?

उत्तर (पंचवटी): तेथील नियामक आयोगाने मोठ्या शहरांत एएमचाच (मध्यम लहरींवरील जुन्या रेडिओ प्रसारणाचाच) कार्यक्रम एफएमवर सरसकट ऐकवण्यावर मर्यादा घातली, त्यामुळे एफएमला वेगळे काहीतरी हवे होते, एएमवरील तीन मिनिटांच्या चौकटीत न मावणारी दीर्घ गाणी तेथे, तीही स्टिरिओत, ऐकवता आली.

उत्तर (सिडको): आपल्याकडे पहिले खासगी एफएम केंद्र २००१ मध्ये बेंगळुरूत आले. परवान्याच्या लिलावातील बोली जाहिरातींतूनच वसूल करायची असल्याने नाशिकला चित्रपटगीतेच वाट्याला आली, असे मला वाटते.