मदत हवी आहे: खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी नर्व्ह ब्लॉक

नमस्कार. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. माझ्या ७४ वर्षांच्या आईच्या उजव्या खुब्याचा सांधा पुढील महिन्यात बदलायचा आहे. सध्या ती ओट्याची कड धरूनच स्वयंपाकघरात वावरते.

शस्त्रक्रिया कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल भूल देऊन होणार, हे ठरले आहे. प्रश्न त्यानंतरच्या वेदनेचा आहे. गुडघ्याच्या आधीच्या शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनसारख्या औषधाने तिला सतत उलट्या झाल्या आणि रात्री ती नर्सला माझ्या दिवंगत मावशीच्या नावाने हाका मारत होती, त्यामुळे तसली औषधे या वेळी शक्य तितकी कमी असावीत, अशी आमची इच्छा आहे.

भूलतज्ज्ञांनी फॅशिया इलियाका आणि पेंग (PENG) असे दोन नर्व्ह ब्लॉक, म्हणजे मज्जातंतूंजवळ इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करण्याचे प्रकार, सुचवले. दोन्हींत सोनोग्राफीने पाहत सुन्न करणारे औषध सोडतात; मात्र पहिल्यात मांडीचा स्नायू काही तास ढिला पडू शकतो, तर २०१८मध्ये प्रथम मांडल्या गेलेल्या पेंगमध्ये सांध्याच्या पुढील भागाकडे जाणाऱ्या, संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या शाखा बधिर होतात आणि पायातील ताकद बहुतांशी टिकते. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करणार असल्याने (आईला तर आधाराशिवायच चालायची घाई!) मला पेंग बरा वाटतो.

आपल्या घरी कोणाला यांपैकी ब्लॉक दिला असल्यास, त्याचा परिणाम किती तास टिकला, तो ओसरताना वेदना एकदम उसळली का, आणि पहिल्यांदा उभे राहताना पाय लटपटला का, हे कृपया कळवावे. आई रक्त पातळ ठेवणारे क्लोपिडोग्रेल हे औषध घेते. ते कधी थांबवायचे हे डॉक्टरच ठरवतील.