जुनी युरोपियन वॅगन घेतलेल्यांनो, नंतर किती खर्च आला ते खरं खरं सांगा

आर्वी तालुका

राम राम मंडळी. दोन लाख दहा हजाराची एक गाडी डोक्यात बसली आहे आणि उतरत नाहीये, म्हणून विचारतो. २००७ ची डिझेल वॅगन (म्हणजे मागे डिकीऐवजी छतापर्यंत सामानाची जागा असलेली लांब कार), युरोपियन, एमएच १२ पासिंग पण सध्या अमरावतीच्या एका डीलरकडे उभी, दुसरा मालक, मीटरवर १ लाख ३५ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की अर्धे लोक कंपनीवरून भांडतात आणि माझं काम राहून जातं. गरज साधी आहे. आमचं भजनी मंडळ आहे, पेटी, तबला, दोन साउंड बॉक्स, खंजिऱ्या आणि वर माणसं. आईचे गुडघे असे की उंच गाडीत चढवायला स्टूल लागतो. वॅगनची मागची सीट पाडली की सामान सरळ आत जातं आणि आईलाही चढावं लागत नाही. आपल्याकडे वॅगन कधी टिकल्याच नाहीत, कोर्सा स्विंग आली, सिएना वीकेंड आली, ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, टाटांची इंडिगो मरीना आणि मारुतीची बलेनो अल्टुरा पण येऊन गेली, पण लोकांना मागून ती ॲम्बुलन्स वाटायची. २०१७ ला व्हॉल्व्होची व्ही ९० क्रॉस कंट्री आली ती आपल्या सात पिढ्यांची नाही. म्हणजे आता जे मिळेल ते जुनंच. घेतानाचा भाव नको, नंतरचा सांगा.

दारव्हा

भाऊ, म्या घेतली होती. २०१८ मधी, १ लाख ८० ले, वॅगनच. पयला महिना असा गेला का गावातले पोट्टे गाडीमागं धावत. मंग एक दिवस नेरच्या अलीकडं चालता चालता बंद. मोठा आवाज बी नाई, नुसतं टक्क झालं अन् स्टेअरिंग जड पडलं. टायमिंग बेल्ट तुटला, म्हंजे इंजिनाचे व्हॉल्व्ह येळेवर उघडझाक करनारा रबरी पट्टा. इकणाऱ्यानं सांगतलं होतं का बेल्ट नवीन हाये, म्या बिल मांगतलं नाई, हा माहा गाढवपणा. अशा इंजिनात बेल्ट तुटला का व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळते, मंग हेड उघडाच लागते. ट्रॅक्टरनं टोचन करून आणली, ट्रॅक्टरवाल्यानं २,००० घेतले अन् रस्ताभर मागं पाहून हासत होता तो. यवतमाळचा मिस्त्री म्हणे मी हे खोलत नाई, मंग ट्रकवर टाकून नागपूरले. हेडचं काम, व्हॉल्व्ह, बेल्टची किट, पाण्याचा पंप, मजुरी, ७८ हजार. दीड महिना गाडी तिथं अन् इकडं कापूस येचणीचे दिवस, म्या मेव्हण्याच्या मोटरसायकलवर वावरात. बेल्टचं बिल किलोमीटर टाकून नसन तर बेल्ट बदलाचाच हाये असं धरा अन् तेवढे पैशे भावातून कापा. रबर हाये ते, गाडी उभी रायली तरी वर्षावर म्हातारं होते. इकली शेवटी, १ लाख १० ले.

चांदूर बाजार

स्कॉर्पिओ घ्या. विषय संपला.

आर्वी तालुका

आई चढत नाही हो स्कॉर्पिओत, वर लिहिलंय की.

वरुड

सगळ्या युरोपियन गाड्या एका दावणीला बांधू नका. माझ्याकडे नऊ वर्षं फियाट पुंटो आहे, १.३ मल्टिजेट डिझेल. वॅगन नाही, पण मुद्दा इंजिनाचा आहे. हेच इंजिन मारुतीनं स्विफ्टमध्ये डीडीआयएस म्हणून दिलं आणि टाटांनी व्हिस्टात क्वाड्राजेट म्हणून, शिवाय त्यात बेल्ट नाही, चेन आहे. त्यामुळे फिल्टर म्हणा, इंजिनाचे बाकी पार्ट म्हणा, दुकानात स्विफ्टचं मागितलं की इथंच काउंटरवर मिळतात आणि तालुक्याचा कोणताही मिस्त्री डोळे झाकून उघडतो. फियाटच्या गाड्या इथं विकणं कधीच बंद झालं, मला फरक पडला नाही. मी संत्र्याच्या बागेत न्यायची गाडी शोधताना पहिला प्रश्न हाच विचारतो की हे इंजिन अजून कोणत्या देशी गाडीत बसलंय का. तुमच्या गाडीचं उत्तर नाही असेल तर दोन लाख दहा हजार ही किंमत नाही, तो फक्त बयाणा आहे.

मूल, जि. चंद्रपूर

दादा, त्या गाडीला सनरूफ आहे का ते आधी बघा. आमची होती तिला होतं, मुलीच्या हट्टानं घेतलेली. अंगणात कडुनिंब, गाडी त्याच्याच सावलीत, चंद्रपूरच्या उन्हात दुसरीकडे ठेवणार कुठं. सनरूफच्या कोपऱ्यांना पाणी जायच्या बारीक नळ्या असतात, त्या खांबातून खाली उतरतात. फाल्गुनातली निंबाची पानं, नंतर तो बारीक मोहर, सगळं त्यात जाऊन बसलं आणि आम्हाला पत्ता नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, शाळेत जाताना मागून मुलगी म्हणते आई पाय ओले झाले. मी म्हटलं बाटली सांडली असेल. तिसऱ्या रात्री दोन वाजता गाडीच्या चारही काचा आपोआप खाली आल्या, हॉर्न वाजला, कुत्रे भुंकायला लागले, सासूबाई म्हणाल्या गाडीला काहीतरी लागलंय. गॅरेजवाल्यानं ड्रायव्हरकडचं कार्पेट उचललं तर खालचा फोम पिळला की पाणी निघत होतं आणि लॉक-काचा चालवणारा मॉड्यूल नेमका त्याच पाण्यात. दिल्लीच्या मायापुरीतून जुना मॉड्यूल मागवला ६,५०० ला, तो आमच्या गाडीशी जुळवायचे, म्हणजे कोडिंगचे, ३,०००, कार्पेट आठ दिवस गच्चीवर वाळत होतं. आता दर वर्षी पानगळ संपली की मीच नळीत नायलॉनची दोरी हळूच सारते. कंप्रेसरनं हवा मारू नका, नळी आतल्या आत सुटते. बाकी गाडी चांगली होती हो, रस्त्यावर अशी बसायची की पोटातलं पाणी हलत नव्हतं. फक्त तिला काय दुखतंय ते सांगणारं आमच्या तालुक्यात कोणी नव्हतं.

अकोट, गॅरेज माझंच

ताईंचा मॉड्यूल स्वस्तात सुटला. माझे दोन पैसे. गाडी पाहायला सकाळी जा, न सांगता जा, आणि चावी मागायच्या आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याला थंड इंजिन तुम्हाला ऐकवायचं नाही. न्यूट्रलमध्ये खडखड येत असेल आणि क्लच दाबला की थांबत असेल तर फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक, पाहावं लागेल, या डिझेल गाड्यांना बहुतेक दोन थरांचं स्प्रिंगवालं फ्लायव्हील येतं, क्लचसकट बदलायला माझ्याकडे मागच्या गिऱ्हाईकाचे ५८ हजार झाले. मग कूलंटची टाकी पाहा. आत रंगीत कूलंट पाहिजे, साधं पाणी नको. आपल्याकडे लोक बोअरचं पाणी ओततात, आतून पांढरा थर धरतो, आणि या गाड्यांच्या पाण्याच्या जोडण्या प्लॅस्टिकच्या, मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की त्याच कडकतात. स्कॅनर लावाच, पण एकदा नाही. स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड आधीच पुसून गाडी दाखवणारे फार आहेत. २०-२५ किलोमीटर फिरवा, पानठेल्यावर थांबा, परत लावा. अन् दोन्ही चाव्या मागा, एकच असेल तर दुसरी कोड करून घ्यायला भलते पैसे जातात.

कारंजा लाड

कागदाचं कोणी बोललंच नाही. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते, पुढं पाच-पाच वर्षांनी रिन्यू. २००७ ची म्हणजे २०२२ ला एकदा झाली असणार, झाली नसेल तर हात लावू नका. पुढची वेळ २०२७. तेव्हा गाडी वीस वर्षांची होते, आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी १० हजार झाली आहे, ग्रीन टॅक्स वेगळा.

मूळ वाशिमचा, सध्या पुण्यात

मी आनंदी माणूस आहे, मलाही बोलू द्या. २०१६ ला २ लाख ४० ला घेतली, आठ वर्षं वापरली, सगळं वहीत लिहिलंय. डिझेल, टायर, विमा सोडून ३ लाख १० हजार, म्हणजे वर्षाला ३९ च्या आसपास. पण सरासरीवर जाऊ नका, त्यातले ९५ पहिल्याच वर्षी गेले, बेल्ट, खालचे आर्म, बुश, शॉकअप, सगळं मागच्या मालकानं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. तेवढं केल्यावर गाडीनं त्रास दिला नाही. एक युक्ती सांगतो, पार्टचा नंबर गाडीच्या सतरा अंकी चासी नंबरवरून काढायचा आणि कंपनीच्या खोक्यातला न घेता तोच पार्ट बनवणाऱ्याच्या नावानं घ्यायचा, क्लच सॅक्स किंवा लूकचा, इंजेक्शनचं बॉशचं. बराच स्वस्त पडतो. समृद्धी झाल्यावर तर घरी येताना १२० ला नुसती सरळ रेष. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मला हे जमलं कारण माझा मिस्त्री घरापासून चार किलोमीटरवर आहे. वाशिमला असतो तर दोन वर्षांत विकली असती.

आर्वी तालुका

सगळ्यांचे आभार. काल रविवारी न सांगता सकाळी सातला जाऊन आलो, आईला घेऊन. बोनेट गरम. डीलर म्हणे बॅटरी चार्ज व्हावी म्हणून चालू केली होती. बेल्टचं बिल नाही, दुसरी चावी पुण्यात मालकाच्या घरी. सनरूफ नाही, तेवढं बरं. आरसी २०२७ पर्यंत आहे. मी १ लाख ४० म्हटलं तर तो हसला आणि चहा मागवला. संध्याकाळी त्याचाच फोन, १ लाख ७५. इकडे आई गाडीत एका दमात बसली ती उतरायलाच तयार नाही, खिडकीतून मला विचारते पेटी कुठं ठेवशील रे. डीलरला सांगून आलोय की पुढच्या रविवारपर्यंत चावी फिरवायची नाही आणि दुसरी चावी मागवून ठेव. अकोटवाले भाऊ, येता का अमरावतीला? डिझेल आणि तर्री-पोहे माझ्याकडे, स्कॅनर तेवढा तुमचा आणा.