मदत हवी आहे: लवचिक एंडोस्कोपी रोबोटचं टोक दिशा बदलताना अडकतं

नमस्कार मंडळी. एंडोस्कोपच्या चॅनलमधून आत जाणारा छोटा रोबोटिक हात हा माझा एम.टेक.चा प्रकल्प आहे. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठातल्या 'मास्टर' रोबोटसारखंच तत्त्व: मोटर बाहेर, टोकापर्यंत बारीक तारा, प्रत्येक तार स्वतःच्या नळीत, सायकलच्या ब्रेक-केबलसारखी.

नळी टेबलावर सरळ ठेवली की टोक सांगू तसं वळतं. मोठ्या आतड्यात पडतो तसा वेढा दिला की घोळ सुरू. मोटर उलटी फिरवली तरी टोक आधी जागचं हलत नाही, मग एकदम झटका मारतं. घर्षणांक ०.१ धरला तरी एका पूर्ण वेढ्यात तारेचा ताण जवळपास निम्म्यावर येतो, म्हणजे कारण कळतंय. पण आतड्याच्या आतल्या थरातली गाठ कापून काढताना असा झटका बसला तर भिंतीला भोक पडेल, म्हणून हे नुसतं मार्कांपुरतं सोडवत्ये असं नाही.

प्रोग्राममध्ये ठरावीक भरपाई घालून पाहिली, म्हणजे दिशा बदलताना मोटर तेवढी जास्त फिरवायची. वेढा बदलला की आकडा चुकतो. फुप्फुसासाठीच्या 'आयन' रोबोटमध्ये नळीचा आकार ऑप्टिकल फायबरने मोजतात, तो खर्च आमच्या लॅबला झेपणारा नाही.

फक्त मोटरच्या बाजूला लोडसेल (तारेचा ताण मोजणारा सेन्सर) लावून वेढ्याचा एकूण कोन ओळखता येईल का? कुणी केलंय? टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या बारीक नळ्या थोड्या संख्येत पुण्या-मुंबईत कुठे मिळतील? आणि इथे कुणी पोटविकारतज्ज्ञ असाल तर कृपया सांगा, काम करताना टोकाला किती उशीर झालेला तुम्हाला चालतो?