वह्या नीटनेटक्या, पण चाचणीत वजाबाकी चुकतेय

प्रश्न (तिसरीची वर्गशिक्षिका, सिंहगड रस्ता):
माझ्या वर्गात 38 मुलं आहेत. चौकटीच्या वह्या सुरेख, समास आखलेले, उत्तरं सगळी बरोबर. पण चाचणीत 52 − 27 दिलं तर अकरा जणांनी 35 लिहिलं. वहीत फळ्यावरचं उतरवून घेतात, हे आता लक्षात आलं. मग वहीचा खरा उपयोग कसा करून घेऊ?

उत्तर (निवृत्त शिक्षिका, कसबा पेठ):
ताई, आधी 35 कुठून आले ते बघा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्या अंकातून लहान काढायचा, एवढंच डोक्यात बसलंय.

मी वहीचं डावं पान मुलांना देऊन टाकायचे. तिथे खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची. आधी चित्र: दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. सुट्या सात काढायच्या तर दोनच आहेत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. झाल्या बारा सुट्या, राहिले चार गठ्ठे. खाली एक ओळ, 'गठ्ठा का सोडला?' मगच उजव्या पानावर उभी मांडणी.

याच पानावर सत्तावीस ऐकून 72 लिहिणारीही सापडतात. मराठीत सात आधी कानावर पडतो ना! बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला ती जोड मनापासून पटली होती.

उत्तर (पालक, धायरी):
पालकसभेत हे आधी सांगा, ही विनंती. मुलाच्या वहीतली खाडाखोड पाहून मी त्याला पान फाडून पुन्हा लिहायला लावलं होतं. त्याचं आज फार वाईट वाटतंय.

प्रश्नकर्ती:
रोज 38 वह्या कशा तपासायच्या?

निवृत्त शिक्षिका:
रोज आठच घ्या, पण मुलाला शेजारी उभं करून. बरोबर-चूक खुणेऐवजी एक प्रश्न लिहा.

प्रश्नकर्ती (चार दिवसांनी):
आज एका मुलीचं डावं पान पाहिलं. पाचव्या गठ्ठ्यावर रेघ मारून शेजारी सुट्या काड्या काढलेल्या. खाली लिहिलंय, 'दोनातून सात निघत नाहीत म्हणून गठ्ठा सोडला.' उत्तर मात्र 24. गठ्ठ्यातल्या नऊच काड्या काढल्या होत्या तिने! एरवी मी फुली मारून पुढे गेले असते. आज लिहिलं, 'गठ्ठ्यात किती काड्या असतात? मोज बरं.' तिने तिथेच उभ्या-उभ्या मोजल्या आणि दहावी काढली.