रस्सा सांडायचा थांबेना आणि घरात कुणाला नवीन काय सुचेना

मेसवाली_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. मी आणि सासूबाई मिळून कोल्हापुरात राजारामपुरीत घरगुती मेस चालवतो, चाळीसेक डबे जातात, निम्मे युनिव्हर्सिटीकडच्या पोरापोरींना आणि निम्मे गोकुळ शिरगावला एमआयडीसीत. एरवी काय टेन्शन नसतं, पण बुधवारी-शुक्रवारी चिकन नाहीतर मटण असलं की सोबत तांबडा-पांढरा जातो आणि डबा पोचेपर्यंत निम्मा रस्सा पिशवीत. भाकरी भिजते, भातात तांबडा उतरतो, गिऱ्हाईक फोन करून बोलतं ते वेगळंच.

झाकणाची रबरं बदलून झाली, झाकणाखाली प्लास्टिक लावून बघितलं, डबेवाल्या पोराला हळू चालव म्हणून सांगून झालं. रात्री सगळे विचार करायला बसलो तर पाच मिनिटांत मामंजी म्हणतात "हे आपल्यात चालायचं न्हाई", की सगळे गप्प. माझं पण डोकं फिरून फिरून झाकणावरच येतंय. रस्स्यावर उपाय तर सांगाच, पण नवीन काही सुचायला डोकं कसं चालवायचं तेही सांगा, कारण आज रस्सा आहे, उद्या दुसरं काहीतरी असणार.

लेथवाला_उद्यमनगर

ताई, मी उद्यमनगरात लेथवर हाय. आमच्यात मशीन बंद पडलं की नवीन पोरगं लगेच फ्यूज बदलतंय, आणि तासाभरात परत बंद. टोयोटा ह्या जपानी मोटार कंपनीतले इंजिनिअर ताइइची ओनो, त्यांनी ह्यावरच एक उदाहरण दिलंय, आमच्या जुन्या फोरमननी मला ते सांगितलेलं. मशीन का थांबलं, लोड जास्त झाला म्हणून फ्यूज उडाला. लोड का आला, बेअरिंगला तेल कमी पडलं. तेल का कमी पडलं, पंप नीट खेचत नव्हता. पंप का खेचत नव्हता, त्याचा शाफ्ट झिजलेला. शाफ्ट का झिजला, तर जाळी बसवलेली नव्हती आणि धातूचा चुरा आत जात होता. आता बगा, फ्यूज बदलणारा आयुष्यभर फ्यूजच बदलत बसला असता आणि दुखणं होतं जाळीचं.

तुमचं झाकण म्हणजे फ्यूज हाय असं मला वाटतंय. सगळेच डबे सांडतात का ठरावीक? वरचा सांडतोय का खालचा? रस्त्यात सांडतंय का जिना चढताना? आठवडाभर नुसतं लिहून ठेवा, उपाय काय करू नका. आणि एक प्रयोग घरीच करा, चार डब्यांत रस्स्याऐवजी कडक गरम पाणी भरा, दोन लगेच बंद करा, दोन दहा मिनिटं उघडे ठेवून मग बंद करा आणि चारी डबे गाडीवर एक फेरी मारून आणा. गरमागरम भरून लगेच झाकण दाबलं की आत वाफ कोंडते आणि ती रबराला वर ढकलते, मग पाणी तिथनंच येतंय.

पन्हाळा_रोड

चारी बाजूंनी क्लिप असलेले डबे घ्या की, विषय संपला.

मेसवाली_राजारामपुरी

@पन्हाळा_रोड दादा, चाळीस डबे एकदम बदलायचे म्हणजे महिन्याची कमाई गेली, आणि पोरं डबे हरवतात त्याचं काय. @लेथवाला दादा, हे "वरचा का खालचा" मी खरंच कधी बघितलं नव्हतं, उद्यापासून वही ठेवते.

निवृत्त_मास्तर

ताई, तुमच्या प्रश्नातली मामंजींची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. एकत्र बसून कल्पना काढायची पद्धत अमेरिकेतल्या अॅलेक्स ऑसबॉर्न नावाच्या जाहिरातवाल्यानं रूढ केली, त्यालाच ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात. त्याचा पहिला नियम असा की कल्पना निघत असताना कुणी कुणाला चूक म्हणायचं नाही. पारखायचं ते नंतर, वेगळं बसून. वेडीवाकडी कल्पना चालेल, दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोड दिली तरी चालेल, फक्त ढीगभर आल्या पाहिजेत. पण पुढची गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. 1958 साली येल विद्यापीठात हे तपासून बघितलं, तेव्हा चौघे एकत्र बसून जेवढ्या कल्पना निघाल्या त्यापेक्षा चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या आणि मग एकत्र केलेल्या कल्पना जास्त निघाल्या आणि चांगल्याही निघाल्या. एकत्र बसलं की एक बोलतो तोवर बाकीच्यांना थांबावं लागतं, त्यात स्वतःचं डोक्यातलं निसटतं, आणि थोरल्या माणसापुढं सून काय किंवा डबेवाला काय, तोंड उघडत नाही.

म्हणून चिठ्ठ्या करा. सगळ्यांना सारखे कागद, नाव लिहायचं नाही, प्रत्येकानं निदान पाच उपाय लिहायचे. मामंजींनीही लिहायचे, त्यांना वगळू नका, इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाकडं बरंच काही असतं. आणि डबे पोचवणाऱ्या मुलाला चिठ्ठी दिल्याशिवाय हे करूच नका, रस्सा सांडताना तोच तिथं असतो. पुढं कुठं अडलात तर घरात बसून राहू नका, रंकाळ्याला चक्कर मारून या. चालताना माणसाला जास्त सुचतं हे स्टॅनफर्डच्या 2014 च्या प्रयोगात दिसलेलं आहे, आणि शाळेत असताना माझे अवघड तास मीही चालतानाच जुळवायचो.

नदीकाठचा_शेतकरी

सगळ्यांचं वाचलं, लई चांगलं लिवलंय. मी आपल्या मातीतलं सांगतो. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याकडं कधी नीट बघितलंय का? नुसते दगडी खांब आणि खांबाला खाचा. पाऊस सरला की खाचंत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडतंय, मोटारी चालतात, उसाला पाणी मिळतंय, आणि पावसाळा तोंडावर आला की बरगे काढून घ्यायचे, पूर आपला मोकळा निघून जातोय, गाळ पण वाहून जातोय. बारमाही भिंत घातली असती तर पुराचं पाणी फुगून गावात शिरलं असतं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका, हे काठावरच्या पोरासोरांना पाठ हाय, तिथं नदीशी जोर करून भागत न्हाई. ज्यानं कुणी हे डोकं लावलं त्यानं भिंत किती जाड करू असं विचारलं नसणार, पाणी कधी अडवायचं आणि कधी सोडायचं असं विचारलं असणार.

तुम्ही विचारताय झाकण घट्ट कसं करू. मी विचारतो, रस्सा घरनंच डब्यात कशाला भरायचा? एमआयडीसीतली माणसं एकाच जागी जेवत असतील तर दुधाची मोठी किटली न्या, एक तांबड्याची, एक पांढऱ्याची, आणि तिथं ओगराळ्यानं वाढा. गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला जातो तिथं कोण डबा भरून बसतंय का, समोर म्हशीची धार काढतात आणि ग्लास हातात देतात. वर आणि मागून कुणी मागितला तर वाटीभर जास्त पण वाढता येतोय, आपल्या माणसाला दुसऱ्यांदा रस्सा मागितल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत न्हाई.

मेसवाली_राजारामपुरी

मंडळी, वही पण ठेवली आणि चिठ्ठ्या पण केल्या, म्हणून परत लिहितेय.

वहीत असं निघालं की खालचा डबा जवळजवळ सांडतच नाही, आम्ही रस्सा सगळ्यात वर ठेवत होतो. आणि चिठ्ठीत डबेवाल्या पोरानं लिहिलं की पिशव्या गाडीच्या पुढच्या हुकाला अडकवतो, वळणावर गुडघा लागून पिशवी तिरकी होते, आणि हॉस्टेलच्या जिन्यात एका हातात चार पिशव्या धरल्या की त्या एकमेकींवर पडतात. इतके दिवस त्याला कुणी विचारलंच नव्हतं आणि तो आपणहून बोलला नाही. मामंजींच्या चिठ्ठीत तर मागच्या कॅरिअरला लाकडी खोका ठोकायचा आणि आत कप्पे करायचे असं होतं, चित्र काढून! सुताराला सांगितलंय, मामंजी स्वतः माप घेऊन गेलेत.

एमआयडीसीतले सगळे एकाच शेडमध्ये जेवतात, तिथं किटली चालेल. पोरापोरींचं वेगळं, ती आपापल्या खोलीत जेवतात, त्यांना डबाच लागणार, पण रस्सा खाली ठेवून आणि वाफ जाऊ देऊन. गरम पाण्याचा प्रयोग केला, लगेच बंद केलेले दोन्ही डबे गळले. आता एकच, शिरगावला पोचेपर्यंत किटलीतला रस्सा गरम कसा राहील?

लेथवाला_उद्यमनगर

भरायच्या आधी किटलीत उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग ते ओतून रस्सा भरा. गार स्टील पण रस्स्याची उष्णता खातंय. वरनं जुनी गोधडी गुंडाळा आणि मामंजींच्या खोक्यात किटलीच्या मापाचा एक कप्पा आत्ताच सांगून ठेवा, मागनं परत खोलायला नको.

नदीकाठचा_शेतकरी

आणि पांढरा तिथं गेल्यावर परत उकळू देऊ नका, नारळाचं दूध फुटतंय. तांबडा कितीबी तापवा.